हात कोणी घडविला?

२०१९ सालच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, सकाळी सूर्यग्रहण लागले होते. दक्षिण भारतात ते कंकणाकृती दिसले, आपल्या किनाऱ्यावर खंडग्रास. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही देवळाबाहेर आलो तेव्हा ऊन मळकट झाले होते आणि वाडीतली माणसे नेहमीपेक्षा कमी दिसत होती. आपण ग्रहण पाळत नाही असे आपण ख्रिस्ती लोक मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु घरात गर्भवती सून असली की त्या दिवशी सुरी आणि विळी कोठेतरी कपाटावर जाऊन बसते, हे तीस वर्षांच्या घरभेटींत आम्ही पाहत आलो आहोत. त्या सकाळी आम्ही त्यावर मनातल्या मनात हसलो आणि विसरून गेलो.

सहा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, एक तरुण जोडपे आणि मुलाची आई अशी तिघे आमच्या कचेरीत येऊन बसली. मुलाच्या हातात सोनोग्राफीचा अहवाल होता. एकोणिसावा आठवडा चालू होता. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा सर्व काही व्यवस्थित होते. उजवा हात मात्र कोपराच्या थोडा खाली संपत होता. सासूबाईंचे म्हणणे असे की, ग्रहणाच्या दिवशी घरी नाताळाचे पाहुणे होते, त्यांच्या जेवणासाठी सुनेने सुरी हातात घेतली, आणि जे व्हायचे ते झाले. मुलगा गप्प होता. नात्यातल्या कोणीतरी ‘अजून वेळ आहे, मोकळी हो’ असेही सुनेला सुचविले होते. १९७१ च्या कायद्याने घातलेली वीस आठवड्यांची मर्यादा तेव्हा चालू होती (ती पुढे २०२१ मध्ये काही बाबतींत वाढविण्यात आली), म्हणजे ‘वेळ आहे’ याचा अर्थ एक आठवडा असा होता. सून एवढेच म्हणाली, “फादर, माझं काय चुकलं?”

आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर येथे सांगावयास संकोच वाटतो. ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द आमच्या तोंडून गेले. ते खोटे होते असे नव्हे, परंतु ते उच्चारताना आम्हांला स्वतःलाच त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. बाळाचा हात कोपराखाली थांबावा अशी इच्छा परमेश्वराने केली, असे आम्हांला म्हणावयाचे होते काय? तिने तसेच ऐकले असणार. जाताना तिने आमच्याकडे पाहिले नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही धर्मग्रामातील एका डॉक्टरांकडून भ्रूणशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक आणले. तेव्हापासून या विषयाने आम्हांला सोडलेले नाही. त्या वाचनातून आणि त्यानंतरच्या वाचनातून जे हाती लागले ते आधी सांगतो, कारण प्रश्न नीट कळण्यासाठी हात कसा घडतो हे कळणे अगत्याचे आहे.

गर्भधारणेनंतर साधारण सव्विसाव्या दिवशी, भ्रूण जेमतेम चार मिलीमीटर लांबीचा असताना, त्याच्या दोन्ही कुशींवर एक-एक बारीक फुगवटा उठतो. हाच हाताचा अंकुर. पायाचे अंकुर एक-दोन दिवस मागाहून येतात. आत सारख्या दिसणाऱ्या पेशींचा गोळा आणि वर एक पातळ आवरण, एवढेच त्याचे रूप असते. त्या आवरणाच्या टोकाशी एक कंगोरा उभा राहतो. अमेरिकेतील जॉन सॉन्डर्स यांनी १९४८ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील पिलाच्या पंखावरचा हा कंगोरा काढून पाहिला. तो लवकर काढला तर पंखाचे खांद्याजवळचे हाड तेवढे तयार झाले आणि पुढचे सगळे राहून गेले. उशिरा काढला तर अधिक भाग तयार झाला, टोक तेवढे राहिले. म्हणजे कंगोरा आतल्या पेशींना सतत काहीतरी सांगत असतो, आणि ते सांगणे थांबले की हात तेथेच थांबतो. हे सांगणे कोणत्या प्रथिनांच्या भाषेत चालते तेही पुढे समजले. १९९३ च्या सुमारास संशोधकांनी ते प्रथिन शोषलेला बारीक मणी कंगोऱ्याच्या जागी ठेवला आणि अंकुर पुन्हा वाढू लागला.

अंगठा एका बाजूस आणि करंगळी दुसऱ्या बाजूस का येते, हे कोडे आणखी नवलाचे आहे. अंगठ्याच्या पेशीत आणि करंगळीच्या पेशीत जनुके तीच असतात. अंकुराच्या करंगळीकडील कडेस पेशींचा एक छोटा पुंजका असतो. सॉन्डर्स आणि त्यांच्या सहकारी मेरी गॅसलिंग यांनी तो पुंजका उचलून दुसऱ्या पिलाच्या अंकुराच्या अंगठ्याकडील कडेस लावला, तेव्हा पंखाला आरशात पाहिल्याप्रमाणे बोटांची दुहेरी रांग आली. या पुंजक्यातून एक प्रथिन पाझरते आणि जवळच्या पेशींना ते जास्त, दूरच्या पेशींना कमी मिळते. देवळात धूपदान वेदीपाशी असते. पुढच्या बाकावर बसलेल्याला वास दाट येतो, दाराशी उभ्या असलेल्याला पुसट. डोळे मिटूनही माणूस आपण कोठे उभे आहोत ते ओळखू शकेल. पेशीही आपली जागा अशीच ओळखते आणि त्याप्रमाणे कोणते बोट व्हावयाचे ते ठरते. त्या प्रथिनाचे जनुक १९९३ मध्ये सापडले आणि त्याला एका व्हिडिओ गेममधील पात्राचे नाव देण्यात आले: ‘सोनिक हेजहॉग’. ज्या जनुकाने आपणा सर्वांची बोटे लावली त्याला जरा भारदस्त नाव शोभले असते असे आम्हांला वाटते, पण शास्त्रज्ञांनी आमचा सल्ला घेतला नाही.

या जनुकाला केव्हा आणि कोठे जागे व्हावयाचे हे सांगणारा एक तुकडा त्याच गुणसूत्रावर सुमारे दहा लाख अक्षरे दूर असतो. त्या दूरच्या तुकड्यातील एक अक्षर बदलले तरी हाताला अधिकचे बोट येऊ शकते, हे २००३ मध्ये दाखविण्यात आले. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथात एकविसाव्या अध्यायात गथ येथील एका धिप्पाड योद्ध्याचा उल्लेख आहे. त्याच्या हातापायांना सहा-सहा मिळून चोवीस बोटे होती. तो ग्रंथ लिहिणाऱ्याने ती मोजली, यावरून या गोष्टीकडे माणसाचे लक्ष किती जुन्या काळापासून आहे ते दिसते.

मग पाच हा आकडा कोठे लिहिलेला आहे? येथे आमच्या समजुतीला मोठा धक्का बसला. तो कोठेच लिहिलेला नाही. इंग्लंडचे गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५२ मध्ये असे मांडले होते की, एक वाढविणारा आणि एक रोखणारा असे दोन पदार्थ एकमेकांशी खेळू लागले, तर सपाट जागेत आपोआप पट्टे उमटतात. २०१४ मध्ये बार्सिलोना येथील जेम्स शार्प यांच्या गटाने उंदराच्या पंज्यात बोटे याच रीतीने उमटतात असे दाखविले: पट्टा, मोकळी जागा, पट्टा, मोकळी जागा. त्याअगोदर २०१२ मध्ये उंदरांतील काही विशिष्ट जनुके एकेक करून कमी केली असता बोटे अधिकाधिक बारीक आणि अधिकाधिक संख्येने येत गेली, थेट चौदापर्यंत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत लहरी उमटलेल्या आपण पाहतो. तेथील कारणे निराळी, परंतु त्या लहरीही कोणी मोजून आखलेल्या नसतात.

पेशीविभाजनाचेही तसेच. टोकाच्या पेशी झपाट्याने दुभंगत जातात म्हणून हात लांब होतो, अशी सरळ समजूत अनेक वर्षे होती. शार्प यांच्याच गटाने २०१० मध्ये उंदराच्या अंकुरातील विभाजनाचा वेग जागोजागी मोजून गणित मांडले, तर त्या वेगातून अंकुराचा आकार निघेना. पेशींची संख्या वाढणे पुरेसे नाही. त्या कोणत्या दिशेला तोंड करतात, कोणाला धरून सरकतात, यावर आकार अवलंबून असतो. आणि शेवटी बोटे फुटून बाहेर येत नाहीत, ती कोरली जातात. सहाव्या आठवड्यात हात वल्ह्याच्या पात्यासारखा असतो. मग बोटांमधल्या जागेतील पेशी आपल्या आतल्या सूचनेनुसार मरून जातात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात त्याच पेशींना जगविणारे प्रथिन असते, म्हणून त्याचा पडदा टिकतो. हे वाचताना गव्हाच्या दाण्याचा दाखला आमच्या मनात आयता उभा राहिला आणि पुढच्या रविवारचे प्रवचन सुचले. परंतु त्या आठवड्यात आम्हांला ते देववले नाही. कचेरीत बसलेल्या त्या मुलीसमोर पेशींच्या मरणाचे गोडवे गाणे हा एक प्रकारचा निर्दयपणा झाला असता.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही एक हिशेब केला आणि तो घेऊन त्या घरी गेलो. अहवालातील तारखांवरून गर्भधारणा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली ठरत होती. म्हणजे हाताचा अंकुर मृतात्म्यांच्या दिवसानंतर चार-पाच दिवसांनी उठला असणार, आणि निष्कलंक गर्भसंभवाचा सण साजरा झाला तेव्हा बोटे सुटी होण्याचे काम संपलेले असणार. २६ डिसेंबरच्या ग्रहणाला त्या हाताशी काही करावयास शिल्लकच नव्हते. सासूबाईंनी हे दोनदा समजावून घेतले. त्या शहाण्या बाई आहेत, शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे मी पोरीला उगाच बोलले.” आम्हांला फार बरे वाटले. शास्त्राने एका निरपराध मुलीला दोषमुक्त केले होते आणि आम्ही निरोप्याचे काम केले होते.

आमचा हा आनंद चहा येईपर्यंत टिकला. सून कप ठेवता ठेवता म्हणाली, “फादर, मग नोव्हेंबरात मी काय केलं?”

आम्ही हे आधी ताडायला हवे होते. नोव्हेंबरात तिला दोन दिवस ताप आला होता, डॉक्टरांनी दिलेली गोळी तिने घेतली होती. रोज विरारच्या लोकलमध्ये उभ्याने, गर्दीचे धक्के खात ती कामावर जात होती. आपण गर्भवती आहोत हे कळायच्या आधीचे ते दिवस. तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितलेच होते की, त्या गोळीचा आणि प्रवासाचा याच्याशी संबंध नाही, एकट्या हाताची अशी उणीव बहुतेकदा कोणत्याही ओळखता येणाऱ्या कारणावाचून येते. पण ‘कारण सापडत नाही’ हे वाक्य आईच्या कानाला ‘कारण तूच आहेस, पण सिद्ध करता येत नाही’ असे ऐकू येते. ग्रहणाने तिला एका सकाळीपुरते दोषी धरले होते. आमच्या हिशेबाने तिच्या हाती पाच आठवडे दिले आणि ती आता त्यातला एकेक दिवस उलटून पाहू लागली होती. अंधश्रद्धा गेली की अपराधाची भावनाही जाते, असे आम्ही मानत होतो. तसे होत नाही. ती नवे घर शोधते.

आणि तिची शंका सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येत नव्हते, कारण आईच्या पोटात गेलेली वस्तू हात रोखू शकते हे जगाने एकदा पाहिलेले आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल कंपनीने ‘कॉन्टरगन’ या नावाने थॅलिडोमाइडच्या गोळ्या बाजारात आणल्या. झोप येण्यासाठी, गर्भारपणातील मळमळ थांबविण्यासाठी त्या घेतल्या जात, आणि चिठ्ठीवाचूनही मिळत. पुढच्या काही वर्षांत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. पुष्कळांचे हात जवळजवळ खांद्यापासूनच सुरू होत होते. हॅम्बर्गचे डॉ. विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी बोट दाखविल्यावर १९६१ च्या नोव्हेंबरअखेर जर्मनीत ते औषध मागे घेण्यात आले. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी कंपनीच्या कागदपत्रांवर समाधान न मानता परवानगी रोखून धरली होती, म्हणून तेथील हानी फार थोडी झाली. धोक्याचे दिवस होते गर्भधारणेनंतरच्या विसाव्यापासून छत्तिसाव्यापर्यंतचे, म्हणजे बहुतेक स्त्रियांना अजून कळलेलेही नसते तेव्हाचे. ते औषध नेमके काय करते हे उलगडायला अर्धशतक लागले. २०१० मध्ये जपानी संशोधकांना ते ज्या प्रथिनाला चिकटते ते सापडले, आणि २०१८ मध्ये असे दिसून आले की, त्या चिकटण्यामुळे हात घडण्यास लागणारे दुसरे एक प्रथिन पेशीतून नाहीसे केले जाते. हेच औषध कुष्ठरोग्यांच्या एका अतिशय वेदनादायक अवस्थेत आराम देते हे १९६४ मध्ये जेरुसलेमला आढळले आणि आज ते एका कर्करोगावरही दिले जाते. वस्तू तीच.

त्या हजारो आयांनी स्वतःच्या हाताने गोळी तोंडात घातली होती. कारणांच्या साखळीत त्यांचा हात होता यात शंका नाही. त्या दोषी होत्या काय? आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेसुद्धा सांगतील की, गंभीर पापासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती या तीन गोष्टी लागतात. त्या आयांपाशी जाणीव नव्हती, संमती तर नव्हतीच. होती ती डॉक्टरवरची आणि छापील कागदावरची श्रद्धा. ज्यांच्यापाशी तक्रारींची पत्रे येऊन पडली होती, ज्यांचे काम प्रश्न विचारण्याचे होते, दोषाची चौकशी त्यांच्या दारी व्हावयास हवी होती. ती झालीही: १९६८ मध्ये जर्मनीत खटला उभा राहिला आणि १९७० मध्ये निकालावाचून, भरपाईच्या तडजोडीवर थांबला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली ती २०१२ साली. तोपर्यंत पुष्कळ आया मनात तोच प्रश्न बाळगून वारल्या होत्या. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय हाच: पैसा कोणी मिळविला, तपासणीत कसूर कोणी केली, आणि अपराधीपणाने रात्रीच्या रात्री जागे कोण राहिले.

कारण आणि दोष या दोन गोष्टी निराळ्या, हे त्या मुलीला आम्ही सांगितले. तिने ते ऐकून घेतले. परंतु मग ‘देवाची इच्छा’ या आमच्याच शब्दांचा हिशेब द्यावयाचा राहिला होता.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकविले गेले. निसर्गातील कार्य अर्धे देव करतो आणि अर्धे निसर्ग, असे नव्हे. ते संपूर्ण देवाचे आणि संपूर्ण निसर्गाचे असते, निरनिराळ्या अर्थाने, असे ते सांगतात. सुतार आणि त्याची करवत यांच्यात कोणी लाकडाची वाटणी करीत नाही. म्हणून हात जनुकांनी घडविला की परमेश्वराने, हा प्रश्नच त्यांना चुकीचा वाटला असता. जनुकांविषयी जितके अधिक कळेल तितके देवाचे काम कमी होईल अशी भीती बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मग उणीव कोणाची? तेथे थॉमस लंगडण्याचा दाखला देतात. लंगड्याच्या चालण्यात जेवढी गती आहे ती त्याच्या जिवाच्या शक्तीतून येते. जेवढा वाकडेपणा आहे तो पायाच्या वाकडेपणातून. देवाकडून येते ते असणे, नसणे नव्हे. हा युक्तिवाद आम्ही परीक्षेत उत्तम गुण मिळवून लिहिला होता आणि आजही तो आम्हांला खरा वाटतो. पण त्या घरात तो मांडताना आमच्या लक्षात आले की, उणीव खालच्या कारणांतून येते असे म्हटले की आईच्या मनात लगेच येणार: ते खालचे कारण म्हणजे मीच ना?

याचे उत्तर आम्हांला थॉमसमध्ये सापडले नाही, ते मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सापडले. सातव्या अध्यायातील ती आई आपल्या सात मुलांचा छळ डोळ्यांसमोर पाहते आहे. ती मुलांना सांगते की, तुम्ही माझ्या उदरात कसे प्रकट झालात हे मला ठाऊक नाही. श्वास आणि जीवन मी दिले नाही, तुमच्या देहाचे घटक मी मांडले नाहीत. आजवर आम्ही हे वचन नम्रतेचे म्हणून वाचीत होतो. त्या फेब्रुवारीत ते आम्हांला सुटकेचे म्हणून दिसले. आई आश्रय देते, रक्त देते, आपल्या जनुकांचा अर्धा वाटा देते, पण हात मांडणे तिच्या हाती नसते. कंगोरा पेशींना सांगतो, पेशी कंगोऱ्याला सांगतात, आणि त्या बोलण्यात आईला विचारले जात नाही. ज्याची मांडणी तिने केली नाही त्याच्या मोडतोडीचे उत्तरदायित्व तिच्यावर कसे येईल? उपदेशकाच्या अकराव्या अध्यायातही गर्भातील हाडे कशी वाढतात ते माणसाला कळत नाही असे म्हटले आहे. आता त्यातले पुष्कळ कळले. कळल्यावरही आईचे नाव त्या यादीत आलेले नाही.

हे आम्ही तिला वाचून दाखविले. ती रडली. ते रडणे दिलाशाचे होते की नव्हते, ते आम्ही विचारले नाही.

तिचा नवरा आम्हांला दारापर्यंत पोहोचवायला आला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. “फादर, अपुरं मूल जन्माला घालणं, ही त्याच्यावर दया आहे का?” आठवड्याची मुदत त्याच्या बोलण्यात होती. ख्रिस्तसभेची शिकवण त्याला ठाऊक होती, आम्हांलाही. ती उच्चारणे सोपे होते. आम्ही त्याला संत ऑगस्टीनच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या सोळाव्या भागात ऑगस्टीन लिहितात की, हिप्पो झारिटस येथे (आजचे ट्युनिशियातील बिझर्ट) एक माणूस आहे, त्याचे हात आणि पाय चंद्रकोरीसारखे असून प्रत्येकाला दोनच बोटे आहेत. आजचे डॉक्टर हे वर्णन वाचून लगेच ओळखतील. टोकाच्या त्या कंगोऱ्याचा मधला भाग टिकला नाही तर हात असा दुभंगतो. ऑगस्टीन याविषयी दोन गोष्टी सांगतात. एक, निर्मात्याने बोटे मोजण्यात चूक केली असे मानू नये. आपणांला चित्राचा एक तुकडा दिसतो, त्याला संपूर्ण चित्र दिसते. हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते आणि त्या संताबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही ते बोलतो. कोणत्या चित्राची शोभा वाढविण्यासाठी बाळाचा हात खर्ची पडावा? दुसरी गोष्ट मात्र आम्ही त्या मुलाला शब्दाशब्दांनी समजावून दिली: देहाचा आकार, रंग, अवयव कसेही असोत, जो बुद्धियुक्त आणि मर्त्य असा माणसापासून जन्मला तो माणूस आहे, आदामाच्याच वंशातला आहे. सोळाशे वर्षांपूर्वी, अशा बाळांकडे लोक अपशकुन म्हणून पाहत असताना, हे लिहिले गेले. ‘अपुरे’ हा शब्द हाताला लागू पडतो, मुलाला नाही.

हे बोलताना आमची जीभ थोडी अडखळली, हेही येथे मान्य केले पाहिजे. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात हात मोडलेल्याला याजकपणाची मनाई आहे, आणि आपल्या ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायद्यातही देहाच्या व्यंगामुळे वेदीवरील सेवा सुरक्षितपणे किंवा शोभेल अशी करता येत नसल्यास गुरुदीक्षेला अडथळा होता. सतराव्या शतकात संत आयझॅक जोग यांची बोटे मोहॉक लोकांच्या कैदेत छाटली गेली, तेव्हा मिस्सा अर्पण करण्यासाठी त्यांना पोप आठवे अर्बन यांची खास परवानगी घ्यावी लागली. ज्या प्रभूने शुभवर्तमानात जन्मांधाविषयी ‘पाप कोणाचे’ हा प्रश्नच नाकारला, त्याच्या घरातही बोटे मोजली जात होती. १९८३ च्या कायद्यातून तो अडथळा गेला. म्हणजे आम्ही सेमिनरीत पाऊल ठेवले त्याच्या फार आधी नव्हे.

मूल जुलै २०२० मध्ये जन्मले. मुलगी. देवळे तेव्हा महामारीमुळे बंद होती. स्नानसंस्कार बऱ्याच महिन्यांनी, मोजक्या माणसांत, तोंडाला मुखपट्ट्या बांधून झाला. आजीने तिला हातांवर घेतले होते आणि उजवी बाही मुद्दाम दुमडून वर केली होती.

यंदा ती धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्गात बसू लागली. पहिल्या रविवारी तिच्या शिक्षिका आमच्याकडे आल्या. क्रुसाची खूण उजव्या हाताने करावी असे आपण मुलांना शिकवितो, हिला डाव्या हाताने शिकवू का, असे त्यांनी विचारले. शिकवा, असे आम्ही म्हणणारच होतो. तरी पुढच्या आठवड्यात सांगतो असे म्हणून आम्ही वेळ मागून घेतला. पुढच्या रविवारी मिस्सेच्या प्रारंभी ती दुसऱ्या बाकावर आईशेजारी उभी होती. तिने उजवे कोपर वर उचलले. ते कपाळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिने मान खाली घालून कपाळ त्याच्यापर्यंत नेले, मग छाती, मग डावा खांदा. उजव्या खांद्याशी ती थोडी थांबली, आणि खांदाच पुढे करून तिने खूण पूर्ण केली. शिक्षिकाबाई मागच्या बाकावरून पाहत होत्या. त्यांनी आम्हांला पुन्हा काही विचारले नाही.